बंदर सुधारलं, तरी द्राक्षाचा कंटेनर बोटीला का चुकतो?

प्रश्न थोडक्यात असा: निफाड-दिंडोरी भागातली एक शेतकरी उत्पादक कंपनी दर हंगामात पन्नास-साठ रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर द्राक्ष युरोपला पाठवते. गेल्या हंगामात त्यातले काही ठरलेल्या बोटीवर चढलेच नाहीत. आता एका मोठ्या लॉजिस्टिक्स कंपनीने पॅकहाऊसच्या दारापासून रॉटरडॅमपर्यंत कंटेनरमागे एकरकमी दर देऊ केला आहे, म्हणजे सगळं काम त्यांच्यावर सोडायचं. ते सोडावं का? आणि न्हावाशेवा बंदर एवढं सुधारलं म्हणतात, तर उशीर नेमका होतो कुठे?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. उशीर कुठे होतो हे कळल्याशिवाय बाहेर काय सोपवायचं ते ठरवता येत नाही.

बंदर खरंच सुधारलं आहे. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरात (आता जेएनपीए) २०२३-२४ मध्ये सुमारे ६४ लाख आणि २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले गेले. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशोबातला आकडा, त्यामुळे तुमचा चाळीस फुटी रीफर तिथे दोन मोजला जातो. जागतिक बँकेच्या लॉजिस्टिक्स निर्देशांकात भारत २०१८ मध्ये १६० देशांत ४४ वा होता, २०२३ मध्ये १३९ देशांत ३८ वा आला. पायाभूत सुविधांचा क्रमांक ५२ वरून ४७ वर आला, तर आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचा ४४ वरून थेट २२ वर. हा निर्देशांक मुख्यतः फॉरवर्डर (मालवाहतुकीची व्यवस्था लावणाऱ्या) आणि कुरिअर कंपन्यांतल्या माणसांना विचारून काढतात. २०२३ मध्ये त्याला कंटेनरच्या प्रत्यक्ष हालचालींच्या आकडेवारीची जोड मिळाली. त्यात भारतीय बंदरांत कंटेनर थांबण्याची सरासरी वेळ २.६ दिवस दिसली, जी बऱ्याच श्रीमंत देशांपेक्षा चांगली आहे.

पण हे सगळे आकडे गेटच्या आतले आहेत. पिंपळगावच्या पॅकहाऊसमधून निघालेली गाडी कळंबोलीत चार तास उभी राहिली, की फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) वेळेत हातात न आल्याने सील लावता आलं नाही, हे त्यांत कुठेच उमटत नाही. नवी क्रेन, नवा बर्थ, खोल केलेलं चॅनल यांचा फायदा आधी बोटीला होतो, मग लाइनला (जहाज कंपनीला), आणि सर्वांत शेवटी तुम्हाला. देशाचा लॉजिस्टिक्स खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के असं वर्षानुवर्षं बोललं जायचं. २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग विभागासाठी एनसीएईआर या संशोधन संस्थेने केलेल्या अभ्यासात तो २०२३-२४ साठी ७.९७ टक्के निघाला. तोच अभ्यास सांगतो की लहान कंपन्यांवर हा भार उलाढालीच्या मानाने मोठ्यांपेक्षा बराच जास्त पडतो. पन्नास-साठ कंटेनरवाली कंपनी लाइनच्या दृष्टीने लहानच.

आता बोटीपासून उलटं मोजत या. समजा बोट रविवारी रात्री लागणार आहे. टर्मिनलचा गेट कटऑफ (कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ) त्याच्या साधारण अर्धा ते एक दिवस आधी, म्हणजे शनिवारी रात्रीच्या आसपास. व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन) आणि एसआय (लाइनला द्यायच्या शिपिंग सूचना) यांचे कटऑफ वेगळे असतात आणि बऱ्याचदा गेटच्याही आधी येतात. इथेच पहिली चूक होते. पॅकहाऊसच्या फळ्यावर एकच वेळ लिहिलेली असते, गेटची, आणि एसआयची वेळ शुक्रवारीच निघून गेलेली असते. एसआय उशिरा गेलं तर बीएलमध्ये (बिल ऑफ लेडिंग, लाइनने दिलेली मालाची पावती) दुरुस्ती करावी लागते, तिचे पैसे पडतात. व्हीजीएम गेलं नाही तर कंटेनर चढतच नाही, मग तो यार्डात वेळेत असो वा नसो.

शनिवारी रात्री गेट, तर न्हावाशेव्याच्या पार्किंग प्लाझात गाडी शनिवारी सकाळपर्यंत हवी. फॅक्टरी स्टफिंगच्या, म्हणजे पॅकहाऊसमध्येच भरलेल्या, कंटेनरचं कस्टमचं काम तिथे होतं. ई-सील वाचलं जातं, शिपिंग बिलाशी (कस्टमकडे भरलेल्या निर्यातीच्या अर्जाशी) ताडलं जातं, आणि सगळं जुळलं तर एलईओ, म्हणजे कस्टमची निर्यातीची परवानगी, मिळतो. जोखीम प्रणालीने तपासणीला काढलं तर अर्धा दिवस गेला समजा. म्हणून नाशिकहून गाडी शुक्रवारी रात्री निघायला हवी. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, कागदावर सहा तास. प्रत्यक्षात ठाणे आणि नवी मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, आणि त्या वेळेत सापडलेली गाडी भिवंडीच्या अलीकडे किंवा शीळफाट्याच्या आसपास उभीच राहते. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, हे खरं. पण आमणेच्या पुढची गर्दी तीच आहे. घाटात वाचलेला तास बंदीच्या वेळेत जाऊ द्यायचा नसेल, तर सुटण्याची वेळ रस्त्याच्या अंतरावरून ठरवू नका, बंदीच्या वेळापत्रकावरून ठरवा.

शुक्रवारी रात्री निघायचं तर रिकामा कंटेनर, म्हणजे एमटी, शुक्रवारी सकाळी दारात हवा. तो उरण-पनवेल पट्ट्यातल्या यार्डातून उचलायचा. हंगामातली खरी अडचण बहुधा इथे असते आणि तिच्याकडे लक्ष सर्वांत कमी. जानेवारी ते एप्रिल सगळ्यांनाच रीफर हवे असतात, यार्डात गाड्यांची रांग लागते, आणि मिळालेला डबा नीट आहे की नाही ते पाहायला कुणाला वेळ नसतो. पीटीआय, म्हणजे निघण्याआधीची मशिनरी तपासणी, झाल्याचा स्टिकर आणि तारीख पाहिल्याशिवाय ड्रायव्हरने डबा उचलू नये. दाराची रबरं, जमिनीवरच्या टी आकाराच्या पट्ट्यांत अडकलेला कचरा, पाणी निघायच्या नळ्या, आधीच्या मालाचा वास या चार गोष्टींना दहा मिनिटं लागतात. नाशिकला पोचल्यावर दोष सापडला तर चारशे किलोमीटरची फेरी आणि एक बोट, दोन्ही गेले.

आणि शुक्रवारी सकाळी डबा दारात आला तेव्हा माल थंड असायला हवा, पॅलेटवर असायला हवा. रीफर माल थंड करत नाही, थंड माल थंड ठेवतो. हे वाक्य सगळे म्हणतात आणि हंगामाच्या गर्दीत सगळेच मोडतात. प्रीकूलिंगमधून द्राक्ष मण्याच्या आतलं तापमान ० ते १ अंशावर येईपर्यंत बाहेर काढू नका. थर्मामीटरची सुई पॅलेटच्या मधल्या पेटीतल्या मण्यात घालून मोजा. कडेची पेटी नेहमी खोटं सांगते. तीन-चार अंशांवरचा माल भरला तर मशीन दिवसभर झगडत राहतं, मधल्या पेट्यांत बाष्प साठतं, पेटीतला सल्फर पॅड (बुरशी रोखणारा गॅस हळूहळू सोडणारा कागद) ओला होऊन गॅस एकदम सोडतो, आणि रॉटरडॅमला पांढरे डाग पडलेले मणी निघतात. मग दोष लाइनचा म्हणून भांडण सुरू होतं आणि लॉगरचा (तापमान नोंदणाऱ्या यंत्राचा) आलेख तुमच्याच विरुद्ध बोलतो.

बुकिंगच्या कागदावरच्या दोन ओळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. एक, सेट पॉइंट. उणे ०.५ च्या जागी दशांश चिन्ह गळून उणे ५ झालं तर संपूर्ण कंटेनर गोठतो. म्हणून आकड्याबरोबर अक्षरातही लिहा. दोन, ताज्या हवेची झडप. काही कागदांवर ती टक्क्यांत असते, काहींवर ताशी घनमीटरमध्ये. १५ घनमीटर आणि १५ टक्के यांत मोठा फरक आहे. द्राक्षाला झडप साधारण बंद किंवा अगदी थोडी उघडी चालते; खरेदीदाराचं लेखी म्हणणं घ्या आणि एककासकट लिहा. स्टफिंग झाल्यावर झडपेचा फोटो काढा, दाराच्या आतल्या लाल रेषेचाही. त्या रेषेच्या वर माल गेला की हवा फिरत नाही.

व्हीजीएमचं एक नमुना गणित देतो. वीस पॅलेट, प्रत्येकावर १४० पेट्या, म्हणजे २,८०० पेट्या. पॅकिंगसकट एक पेटी ५.२ किलो, तर १४,५६० किलो. लाकडी पॅलेट प्रत्येकी १८ किलो, म्हणजे ३६०. पट्ट्या आणि कोपऱ्यांचे पुठ्ठे मिळून ८०. डब्याच्या दारावर लिहिलेलं रिकामं वजन ४,६०० धरू. बेरीज १९,६००. हल्ली चूक बेरजेत होत नाही, पेटीच्या वजनात होते. लोक पेटीवर छापलेलं निव्वळ वजन घेतात आणि पुठ्ठा, पाऊच, पॅड, लायनर विसरतात. २,८०० पेट्यांत पेटीमागे ३०० ग्रॅम म्हणजे ८४० किलो. १ जुलै २०१६ पासून हे वजन जाहीर करण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमाने माल पाठवणाऱ्याची आहे. लॉजिस्टिक्स कंपनी तुमच्या वतीने आकडा भरेल, पण तो चुकला तर तो तुमचाच आकडा असतो.

आता पहिला प्रश्न. खुद्द बंदराकडे पाहा, देशातलं आउटसोर्सिंगचं सर्वांत मोठं उदाहरण तेच आहे. १९९९ साली तिथे देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल सुरू झालं, नंतर एकेक वाढत गेलं, आणि २०२२ मध्ये बंदराने स्वतः चालवलेलं शेवटचं कंटेनर टर्मिनलही खासगी हाती गेलं. क्रेन, यार्ड, मनुष्यबळ सगळं बाहेर. बंदराने स्वतःकडे ठेवलं ते जमीन, बोटींचा खोल मार्ग, आणि करारातल्या मोजमापाचा हक्क: कोणी किती हाताळायचं, किती वेळात, आणि नाही जमलं तर काय. तुम्हीही काय बाहेर द्यायचं हे त्याच अंगाने पाहा. गाडी, एजंट, बुकिंग, सगळं द्या. कटऑफच्या वेळा, तापमानाची नोंद, वजन आणि लॉगिन देऊ नका.

लॉगिनचं आधी सांगतो, कारण तिथे फसगत सर्वांत चुपचाप होते. आइसगेटवर (कस्टमच्या पोर्टलवर) नोंदवलेला ईमेल आणि मोबाइल कंपनीचा आहे की एजंटच्या माणसाचा, ते आजच पाहा. आरओडीटीईपीची, म्हणजे निर्यातीवरच्या कर-परताव्याची, रक्कम तुमच्या खात्यात इलेक्ट्रॉनिक स्क्रिप (विकता येणारं क्रेडिट) म्हणून जमा होते. लॉगिन दुसऱ्याकडे असेल तर ती कुणी, कधी, कितीला विकली हे तुम्हाला कळणारच नाही. डिजिटल सहीचं टोकनही एजंटच्या ड्रॉवरमध्ये नको. करार मोडायची वेळ आली तर या तीन गोष्टी ज्याच्या हातात, त्याचं पारडं जड.

त्याहून मोठा मुद्दा तुमच्या विक्रीच्या अटीचा आहे. एफओबीवर (माल बोटीवर चढवून देण्याच्या अटीवर) विकत असाल तर समुद्राचं भाडं खरेदीदार भरतो, बोट आणि फॉरवर्डर बहुधा तोच नेमतो. मग तुमच्या भारतातल्या लॉजिस्टिक्स कंपनीला बोटीवर जागा मिळवून देण्याचा अधिकारच नसतो, आणि 'रॉटरडॅमपर्यंत' या शब्दाला अर्थ उरत नाही. कंटेनरसाठी खरं तर एफओबीपेक्षा एफसीए (ठरलेल्या जागी माल वाहतूकदाराच्या ताब्यात देणं) ही अट योग्य आहे, कारण एफओबीत माल बोटीवर चढेपर्यंत जोखीम तुमची, आणि गेटच्या आत गेलेल्या कंटेनरवर तुमचा ताबा शून्य. पण आपल्याकडे सवयीने एफओबीच लिहिलं जातं. सीआयएफ किंवा सीएफआरवर (समुद्राचं भाडं तुम्ही भरता त्या अटींवर) विकत असाल तरच हा एकरकमी दर बोलण्यालायक आहे.

बोलायला बसाल तेव्हा एकरकमी आकडा फोडून मागा: समुद्री भाडं, टीएचसी (टर्मिनलचं हाताळणी शुल्क), बीएल फी, सील, एमटी उचलण्याचा खर्च, नाशिक फेरीचं ट्रेलर भाडं, जेनसेट (वाटेत रीफरला वीज देणारा जनरेटर), एजन्सी, बंदरातलं प्लग-इन. फोडून द्यायला नकार मिळाला तर समजा की उद्या समुद्री भाडं उतरलं तरी तुमचा दर उतरणार नाही. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपच्या बोटी केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागल्या, प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला आणि भाडी भडकली. अशा वेळी एकरकमी करार देणाऱ्याने काय करायचं, हे करारात आधी लिहिलेलं हवं. कंपनीने आधी भरून तुमच्याकडून वसूल करायच्या रकमांना लाइनची, बंदराची मूळ पावती जोडूनच बिल घ्या. जीएसटीत ज्याला प्युअर एजंट म्हणतात तशी ती दाखवली तर त्यांचा नफा आणि खरा खर्च वेगळा दिसतो.

सर्वांत महत्त्वाचं कलम: कंटेनर रोल झाला (पुढच्या बोटीवर ढकलला गेला) तर पैसे कुणाचे? बोट चुकली की चार मीटर एकदम पळू लागतात: ट्रेलरचं हॉल्टिंग, लाइनचं डिटेन्शन (डबा मुदतीबाहेर ठेवल्याचा आकार), टर्मिनलचं भाडं, आणि रीफरच्या विजेचं बिल. बहुतेक मसुद्यांत एकच वाक्य असतं की 'प्रत्यक्ष खर्च ग्राहकाकडून'. ते मान्य करू नका. कारणानुसार विभागा. एमटी उशिरा आला, गाडी उशिरा पोचली, फॉर्म १३ (टर्मिनलच्या गेटचा परवाना) किंवा एसआय उशिरा भरलं तर त्यांचे. माल थंड नव्हता, फायटो किंवा अॅगमार्कचा कागद उशिरा, वजन चुकलं तर तुमचे. लाइनने जागा असून दुसऱ्यांना दिली, बोटच उशिरा आली किंवा हे बंदर टाळून गेली तर अर्धे-अर्धे, किंवा ठरावीक मर्यादेपर्यंत त्यांचे. ही तिसरी खिडकी उघडी ठेवली तर सगळे उशीर तिथेच ढकलले जातात, म्हणून लाइनचा लेखी ईमेल हाच पुरावा मानायचा, एवढं लिहून घ्या.

कारण ठरवायला वेळा हव्यात. प्रत्येक कंटेनरच्या सहा टप्प्यांच्या वेळा मागा: एमटी यार्डातून बाहेर, पॅकहाऊसला आगमन, दार बंद आणि सील, पार्किंग प्लाझात प्रवेश, एलईओ, टर्मिनल गेट. यातल्या पहिल्या तीन तुमच्या माणसाने स्वतः लिहायच्या, मोबाइलवर फोटोसकट. बंदराच्या बाजूच्या वेळा त्यांच्याकडून येतील, पण पडताळायला लॉजिस्टिक्स डेटा बँक आहे. २०१६ मध्ये जेएनपीटीपासूनच सुरू झालेली ही आरएफआयडी यंत्रणा कंटेनर क्रमांक टाकला की बंदराच्या गेटमधून डबा कधी आत-बाहेर झाला ते दाखवते, फुकट. दहा कंटेनरच्या वेळा एका तक्त्यात मांडल्या की उशीर कुठे साचतो ते उघडं पडतं. बहुतेकांना वाटतं बंदरात. निघतो तो एमटी आणि सील यांच्यामध्ये, म्हणजे स्वतःच्या अंगणात. तसं निघालं तर कितीही महागडी कंपनी नेमा, उपयोग नाही. आधी प्रीकूलिंगची एक खोली वाढवा.

जेनसेट. सहा-आठ तासांसाठी ताशी तीन लिटरच्या आसपास डिझेल लागतं, आणि तेवढे पैसे वाचवायला काही ट्रेलरवाले तो वाटेत बंद ठेवतात किंवा बिनजेनसेटची गाडी पाठवतात. रात्री थंडीत फरक पडत नाही म्हणतात. मार्चमध्ये पडतो. रीफरच्या स्वतःच्या मशीनमध्ये तापमान आणि वीज गेल्याची नोंद राहते. ती उतरवून देण्याची अट करारात घाला, आणि आपला एक वेगळा लॉगर तिसऱ्या-चौथ्या पॅलेटमध्ये ठेवा. विम्याचा मसुदाही याच वेळी वाचा. मशिनरी बंद पडल्याचं नुकसान बऱ्याच पॉलिसींत ठरावीक सलग तास बंद राहिली तरच भरलं जातं, आणि वाटेत सहा तास बंद ठेवलेला जेनसेट त्यात बसत नाही. रस्त्यावरच्या वाहतुकीत कायद्याने वाहतूकदाराची जबाबदारीही मर्यादित असते: मालाचं मूल्य आणि जादा जोखमीचा दर आधी जाहीर केला नसेल तर भाड्याच्या दहापटीपर्यंत. तीस हजारांच्या भाड्यावर तीन लाख. आतला माल त्याच्या कितीतरी पट.

सगळा हंगाम एकाच कंपनीला देऊ नका. साठांपैकी चाळीस-पंचेचाळीस द्या, उरलेले जुन्या एजंट आणि ट्रेलरवाल्याकडे चालू ठेवा. यात दर थोडा चढतो. पण जून २०१७ मध्ये एका मोठ्या टर्मिनल समूहावर सायबर हल्ला झाला तेव्हा न्हावाशेव्यातलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं होतं, आणि ज्यांच्याकडे दुसरी वाट तयार होती त्यांचं कमी बिघडलं. शिवाय ही मोठी कंपनी ट्रेलर स्वतःचे आणणार नाही, नाशिकच्याच त्याच लोकांकडून घेईल. फेब्रुवारीत गाड्या कमी पडल्या की आधी तिच्या मोठ्या ग्राहकांना देईल. प्रत्यक्ष गाड्या कुणाच्या आणि हंगामात तुमच्यासाठी रोज किती बांधलेल्या, हे नावानिशी परिशिष्टात मागा.

नव्या प्रकल्पांवर या करारात काही बांधू नका. पागोटे ते चौक हा २९ किलोमीटरचा सहापदरी रस्ता मार्च २०२५ मध्ये मंजूर झाला, पण तो पुणे आणि गोव्याच्या बाजूने येणाऱ्यांना उपयोगी, तुमच्या वाटेवर नाही. वाढवणचं बंदर जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटींच्या खर्चासह मंजूर झालं. तिथून समृद्धीवरच्या भरवीरपर्यंत महामार्ग प्रस्तावित आहे आणि तो झाला तर नाशिककरांचं गणित पार बदलेल. ते होईल तेव्हा नवा करार करता येईल. म्हणून मुदत एका हंगामाची ठेवा, फार तर दोन, आणि मधेच तीस दिवसांच्या नोटिशीने बाहेर पडायची सोय.

बोलणी ऑक्टोबरपर्यंत संपवा. डिसेंबरात सही करणाऱ्याला एमटी उरलेले असतील ते मिळतात. नोव्हेंबरात प्रत्येक आठवड्याला किती कंटेनर लागतील याचा अंदाज लेखी द्या आणि दर सोमवारी सुधारत राहा. अंदाज वीस टक्क्यांपेक्षा जास्त चुकला तर लाइन तुमचा शब्द धरणं सोडते. पहिले पाच कंटेनर जानेवारीच्या सुरुवातीला, गर्दी नसताना, नव्या कंपनीकडून पाठवा. सहा वेळांचा तक्ता आणि बिलं समोर ठेवून बसा, आणि मगच उरलेल्या चाळीसांचा शब्द द्या.